वाळीत टाकलेला वैमानिक

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कुणी हात उगारत नाही, शिवीही देत नाही. फक्त बोलत नाही, जेवायला शेजारी बसत नाही. गावकीने हे केले, जातपंचायतींनी केले, आमच्या जमातींनीही आपल्याच माणसांवर हे हत्यार चालवले. २०१६ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. अमेरिकेतल्या बेंजामिन डेव्हिस ज्युनियर यांच्याबद्दल वाचताना मला हाच शब्द सारखा आठवत होता.

विमान चालवायचे म्हणून हा काळा तरुण १९३२ साली वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत दाखल झाला. तिथे अबोल्याची एक शिक्षा होती. सचोटीचे नियम मोडूनही अकादमी न सोडणाऱ्या छात्राशी बाकीचे बोलणे टाकत. डेव्हिस यांनी कोणताच नियम मोडला नव्हता, तरी त्यांना ती चार वर्षे भोगावी लागली. खोलीत सोबती नाही, जेवणाच्या टेबलावर गप्पा नाहीत. कामापुरते बोलणे, तेवढेच. कंटाळून हा निघून जाईल, असा हिशेब होता. आणि अधिकारी? त्यांच्या डोळ्यांदेखत हे चालले होते. माझा खरा राग त्यांच्यावर आहे. विशी-बाविशीतल्या पोरांना मोडता येणारी रीत त्यांनी मोडू दिली नाही.

१९३६ साली २७६ जणांत ३५वा क्रमांक मिळवून डेव्हिस बाहेर पडले. तरी हवाई दलाने नकार दिला. कारण काय, तर काळ्यांची तुकडीच नाही! त्या वेळी अमेरिकी लष्कराच्या लढाऊ शाखांत काळे अधिकारी दोनच होते: ते आणि त्यांचे वडील.

पुढे युद्ध आले आणि दार किलकिले झाले. टस्कीगीच्या पहिल्या वर्गातून मार्च १९४२ मध्ये पाच जण वैमानिक झाले, त्यांत डेव्हिस होते. ९९व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९४३ मध्ये वरून अहवाल गेला की या वैमानिकांत लढण्याची आक्रमकता नाही. शत्रूशी लढणाऱ्या माणसाला वॉशिंग्टनला जाऊन आपल्याच लष्करापुढे साक्ष द्यावी लागली. जानेवारी १९४४ मध्ये आन्झिओवर याच स्क्वाड्रनने दोन दिवसांत सुमारे डझनभर जर्मन विमाने पाडली.

नंतर दंतकथा तयार झाली, की डेव्हिस यांच्या ३३२व्या गटाच्या संरक्षणातले एकही बॉम्बर विमान शत्रूने पाडले नाही. ते खरे नाही. काही पडली, मात्र इतर गटांच्या मानाने कमी. मला ही दंतकथा खटकते. इतरांना चांगले असणे पुरते. यांना मात्र स्वीकारायचे तर शंभर टक्के निर्दोष असावे लागते, हा तिचा अर्थ होतो.

अबोल्यामुळेच ते पोलादी झाले, असे म्हणणारेही भेटतात. हे मला अजिबात पटत नाही. ते आधीच कणखर होते, म्हणून टिकले. जे टिकले नसते त्यांचे चरित्र कुणी लिहिले नसते. चार वर्षे छळणाऱ्यांना त्याचे श्रेय कशाला?

डेव्हिस पुढे हवाई दलातले पहिले काळे जनरल झाले. निवृत्तीनंतर, १९९८ मध्ये, चौथा तारा मिळाला. २००२ साली ते गेले. २०१७ मध्ये वेस्ट पॉइंटने छात्रांच्या निवासी इमारतीला त्यांचे नाव दिले. चांगलेच झाले. पण मला कुतूहल आहे ते त्या वर्गातल्या उरलेल्या २७५ जणांचे. विल्यम वेस्टमोरलंड आणि क्रेटन अब्राम्स त्याच वर्गातले. दोघेही पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकी फौजांचे सेनापती झाले. आणि १९३६ साली पदवी घेताना वेस्टमोरलंड सगळ्या छात्रांचे प्रमुख होते.