पिशवी काढण्याआधी तपासणी मागा



वडीगोद्रीहून निघून शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. तिथे २०१९ साली सरकारने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ एवढे ऐकून येते. उचल घेऊन ऑपरेशन होते, उचल फेडायला पुन्हा हातात कोयता. आपल्या वस्त्यांतूनही जोड्या कोयत्यावर जातात. हे नदीपलीकडचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही.

कॅन्सरची भीती खोटी नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने देशात वर्षाला सुमारे ८० हजार बाया मरतात. पण हा रोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो, नवऱ्याकडूनही येतो. इथे बाईचे चारित्र्य काढू नये. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. थोड्या जणींत टिकतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. नुसते पांढरे जाणे तर बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो.

वेळीच पकडता येतो, याचा पुरावा मराठवाड्यातलाच आहे. धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने १ लाख ३१ हजार बायांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत ३४ जणी दगावल्या. तपासणी न केलेल्या, थोड्या लहानच गटात ६४. (बिनातपासणीच्या गटात गरिबाच्याच लेकीसुना का, हा सवाल तेव्हा उठला आणि तो रास्तच होता.) निष्कर्ष २००९ साली आले. त्यानंतर दहा वर्षांनीही देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. पिशवी काढायला डॉक्टर मिळतो, तपासायला मिळत नाही, माझा राग यावर आहे.

तीस वर्षांपुढच्या बाईची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. मुखावर सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, ते पाहतात. काही मिनिटांचे काम. भूल नाही, चिरफाड नाही. आशाताईंना विचारा. कोणी पिशवी काढायला सांगितलीच, तर तपासणीचा कागद मागा आणि संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा. मात्र पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर एक आठवडाही थांबू नका.

वर्षावासात ग्रंथवाचनाला बाया विहारात जमतातच. टोळ्या निघायच्या आत तिथूनच एक दिवस सगळ्यांनी मिळून आरोग्य केंद्रात जावे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लशीचीही त्याच दिवशी चौकशी करावी. पोरेबाळे आणि चूल तेवढा दिवस घरातल्या पुरुषांनी सांभाळावी.