दावं कुणाच्या हातात?

माणगावातून लिहितोय. 1920 च्या परिषदेचं माणगाव कोल्हापूरकडचं. हे रायगडातलं, मुंबई-गोवा रस्त्यावरचं. ह्याच रस्त्यानं पुढं महाड लागतं.

आमच्या बौद्धवाडीत कुणाकडं वीस गुंठे भात, कुणाकडं थोडी वरकस. भात निघालं की पोरं मुंबईला. मागं उरतो पेंढा आणि डोंगरउतारावरचं गवत. एवढ्यावर तीन-चार पाडे पोसावेत, अंगानं भरले की खाटकाला विकावेत, पोरीची फी भरावी. साधा हिशेब. पण हा हिशेब महाराष्ट्रात गुन्हा आहे.

1976 च्या कायद्यानं गाय बंद केली. बैल-वळूंवरची बंदी विधिमंडळानं 1995 ला मंजूर केली आणि राष्ट्रपतींची सही होऊन ती 2015 मध्ये लागू झाली. कापलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. कापण्यासाठी विकणंही बंद. 6 मे 2016 ला मुंबई हायकोर्टानं परराज्यातलं मांस जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं. खाणारा थोडा सुटला. पाळणारा जिथल्या तिथं!

आता म्हातारा बैल घ्या. अडीचशे किलोचं जनावर रोज सहा-सात किलो कोरडा चारा खातं. वर्षाला दोन हजार किलोंच्या वर. चिखलणीला पॉवर टिलर आला, बैलाला काम नाही. पूर्वी त्याच्या किमतीत भर घालून नवा बैल यायचा. आता तो शिंगवालं कर्ज. कंटाळून माणूस दावं सोडतो आणि ते उपाशी ढोर दुसऱ्या गरिबाच्या वालात घुसतं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाय ‘राज्यमाता’ झाली आणि गोशाळेतल्या देशी गाईमागं रोज 50 रुपये मंजूर झाले. वर्षाचे 18,250. म्हणजे बसून खाणाऱ्या जनावराचा खर्च सरकारला तोंडपाठ आहे. मग आमच्या गोठ्यातल्या बैलाला काय? शून्य. भक्ती त्यांची, चारा आमचा.

कुणी म्हणेल, रेडे पाळा. बरोबर. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घेऊन रेडा कापता येतो. दूध वाचवायला उपाशी मारलं जाणारं पारडू वाढवलं तर पैसा होईल. पण ते बाजारात नेणार कोण? जून 2023 मध्ये नाशिक जिल्ह्यात गुरं आणि मांस नेण्यावरून दोन मुसलमान तरुणांचे जीव गेले. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. टेम्पोत कायदेशीर रेडा असो नाहीतर बैल, रस्त्यावरची टोळी कागद वाचत नाही. म्हणून कुरेशांची लढाई ती आपलीच लढाई.

आपल्यातलेही काही विचारतात, बाबासाहेबांनी सांगितलं सोडा, तुम्ही परत ढोरांकडं कशाला? नीट ऐका. 1927 ला महाडमध्ये बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस. गावाची वाटणीच तशी होती: जिवंत जनावर खोताचं, मेलेलं आमचं. किंमत त्याला, दुर्गंधी आम्हाला. वर त्याच मांसाचं बोट दाखवून आम्हाला शिवायचं नाही. 1948 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाशीच जोडून दाखवलं. खोती 1949 च्या कायद्यानं गेली. आज आमच्या दाव्याला जिवंत जनावर आहे, तर ह्या कायद्यानं त्याचीच किंमत मारली. पुन्हा आमच्या वाट्याला काय? मरेपर्यंत पोसा आणि मग पुरा.

दोस्तांनो, तुम्ही मुंबई-पुण्यात बीफ खाण्याचा हक्क मागता. मागा, जोरात मागा. पण ताटामागं गोठा असतो, गोठ्यामागं गवताची जमीन असते. नुसत्या ताटावर भांडलात तर गोठा हातचा जाईल. म्हणून मागण्या स्पष्ट ठेवा. बैल-वळूंवरची बंदी उठवा. ती उठेपर्यंत गोशाळेचे 50 रुपये शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या प्रत्येक भाकड जनावराला द्या. दाखला असलेल्या रेड्याची गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा नोंदवा.

मेलेल्या ढोरावरचा हक्क आम्ही महाडला फेकून दिला. आता जिवंत जनावराची किंमत मागतोय. ती भीक नाही, घामाचा भाव आहे.