अक्षरओळख

गाण्यांच्या भेंड्यांत आमच्या घरी माझा हात धरणारा कोणी नाही. मराठीच्या प्राध्यापकाला घरात मिळणारा हा एवढाच मान. ठ येवो, ढ येवो, मी अडत नाही. ळ आणि ण यांच्यावरून गाणेच सुरू होत नाही. म्हणून ळ आला तर ल घ्यायचा आणि ण आला तर न, हा निवाडाही माझ्याच अध्यक्षतेखाली होतो.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री, हे सिंहासन डळमळले. फराळाच्या ताटल्या उचलल्या गेल्या, मंडळी सतरंजीवर बसली, आणि बारावीत शिकणारी आमची कन्या म्हणाली, "आज इंग्रजी गाणी. ए पासून झेडपर्यंत, ओळीनं. बाबा, तुम्ही सुरू करा."

ए वरून मला एकच गाणे येत होते : ए, बी, सी, डी. ते मी खड्या आवाजात म्हटले. फिरता फिरता टी माझ्या वाट्याला आला, तेव्हा 'ट्विंकल ट्विंकल' म्हटले.

"मामा, चाल तीच आहे!" भाचा ओरडला.

गुणगुणून पाहिले. खरेच तीच होती! अठराव्या शतकातली ही फ्रेंच चाल. खुद्द मोझार्टने तिच्यावर बारा बदल बांधले आहेत. हे मला पुढे कळले. त्या रात्री एवढेच कळले की सौभाग्यवतींना इतके मनसोक्त हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

माझी बाजू सांगितली पाहिजे. मी मराठी शाळेतला. आम्हाला ए, बी, सी, डी भेटली ती पाचवीत. पुढे इंग्रजी वाचता आले, लिहिता आले. परंतु इंग्रजी गाणे कानावर पडले की त्यातले शब्द कढईतल्या शेवेसारखे एकमेकांत गुंतून जात. कन्येच्या कानात मात्र सदा इअरफोन. ती काय ऐकते हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारायची लाज वाटे. जूनमध्ये ती शिकायला परगावी जाणार, हे तर ठरल्यातच जमा होते.

तेव्हा पाडव्याच्या हिशोबाची उरलेली एक वही मी काढली आणि दर पानावर एक इंग्रजी अक्षर घातले. जेवणे झाली की फोनवर त्या अक्षराची यादी काढायची आणि नाव डोळ्यांत भरेल ते गाणे ऐकायचे. एखाद्या जाणकाराला विचारले असते, तर त्याने मला त्याच्या आवडीच्या दारातून आत नेले असते. अक्षराला आवडनिवड नसते. ते सगळ्यांनाच ओळीने उभे करते.

पहिली अडचण आली 'द'ची. निम्मी गाणी 'द'नेच सुरू होतात की काय, असे वाटले. मग आमच्या ग्रंथपालांचा नियम आठवला : 'द' आणि 'अ' सोडून द्यायचे आणि पुढचा शब्द धरायचा. टी चे पान हलके झाले.

आय चे पान मात्र आवरेना. जो तो आपला 'मी' घेऊन पुढे! 'पाश्चात्त्यांचा अहंकार' असा शेरा मी समासात लिहूनही टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात क्रियापदे शिकवताना तो खोडावा लागला. आपण 'सांगेन' म्हटले की त्यात 'मी' आलाच. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. बिचाऱ्यांना 'मी' उच्चारावाच लागतो. दोष स्वभावाचा नव्हे, व्याकरणाचा. या पानावर मी एक नाव लिहिले : 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. १९९२ च्या 'द बॉडीगार्ड' चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टनने ते म्हटले आहे. प्रेमगीत दिसते, असे म्हणून पान उलटले.

क्यू वर 'के सेरा सेरा' मिळाले. लिहिताना क्यू, ऐकताना क! अंगाईसारखी गोड चाल वाटली. मग मूळ चित्रपट पाहिला : हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच', १९५६ चा. त्यात डोरिस डेच्या मुलाला पळवून एका वकिलातीत डांबून ठेवलेले असते. ती तिथे पाहुणी म्हणून जाते आणि हे गाणे मुद्दाम चढ्या आवाजात म्हणते, वरच्या खोलीतल्या मुलाच्या कानी पडावे म्हणून. तो शीळ घालून साद देतो. त्या रात्री मी कन्येच्या खोलीत उगाच दोनदा डोकावून आलो.

एक्स वर तर ओळखीचा पाहुणा निघाला. 'झॅनाडू' हे १९८० चे नाचाचे गाणे. पण ते गाव कोलरिजच्या 'कुब्ला खान' या कवितेतले. १८१६ साली छापलेल्या कवितेतले नाव दिव्यांच्या झगमगाटात भेटले, तेव्हा पेठेतला शेजारी परदेशी भेटावा तसा आनंद झाला.

झेड वर 'झोम्बी'. भुताखेताचे असणार, म्हणून दिवा लावून ऐकायला बसलो. आयर्लंडच्या क्रॅनबेरीज या चमूचे हे १९९४ चे गाणे. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावी बॉम्बस्फोटांत दोन मुले गेली, एक तीन वर्षांचा, दुसरा बारा वर्षांचा. त्या संतापातून डोलोरेस ओ'रिऑर्डनने ते लिहिले. वही मिटवेना.

मागे कन्या उभी होती. "बाबा, हे तुम्ही ऐकता?" तिने विचारले. मी चोरी पकडल्यासारखा वही झाकू लागलो. ती तिने ओढून घेतली आणि खाली बसून पान न् पान वाचली. आय पाशी थांबून म्हणाली, "हे प्रेमगीत नाहीये, बाबा."

मग तिने सांगितले. मूळ गाणे डॉली पार्टनचे, १९७४ चे. पोर्टर वॅगनर या गायकाच्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात ती १९६७ पासून गात होती. त्याने तिला पुढे आणले. पण पुढे तिला स्वतःच्या वाटेने जायचे होते, आणि तो सोडायला राजी नव्हता. त्याचा निरोप घेण्यासाठी तिने हे गाणे लिहिले. त्याच वर्षी तिने तो कार्यक्रम सोडला.

दरवर्षी वर्गभर मुले निरोप घेऊन जातात, त्या मास्तराला हे गाणे समजायला कन्येची शिकवणी लागली. आम्ही दोघांनी ते एकत्र ऐकले, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. या वेळी मला बरेच शब्द कळले. ती काही बोलली नाही, मीही नाही. जून जवळ येत चालला होता.

जूनमध्ये तिला गाडीत बसवून दिले. वही ती घेऊन गेली.

परवा तिचा निरोप आला : "बाबा, वहीच्या मागच्या बाजूनं मी मराठी गाणी लिहायला घेतलीत, अ पासून. तुम्हाला आवडणारी ऐकते आहे. ळ वर खरंच एकही नाही?"

मी कळवले, "ळ वर गाणे नाही. पण फराळात ळ आहे, दिवाळीत आहे. लवकर ये."