लेकराच्या क्षयाचा माग घरातच काढा



कपाशीची वेचणी लागली की लेकराकडे बघायला घरात कुणाला उसंत नसते. पोर दिवसभर आजोबांजवळ, रात्री त्यांच्याच अंथरुणात. आजोबांचा खोकला जुना, विडीचा म्हणून सर्वांच्या सवयीचा. इकडे पोर खाऊनपिऊन अंगाला लागत नाही. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे; पण आज बोंडअळी बाजूला ठेवून यावर लिहितो.

मोठ्या माणसाचा क्षय थुंकीत सापडतो. लहान मूल थुंकत नाही, कफ गिळून टाकते; शिवाय त्याच्या कफात जंतूही थोडेच असतात. म्हणून मूल सहसा दुसऱ्याला रोग देत नाही, मोठ्यांकडून घेते. तेव्हा गेल्या दोन वर्षांत घरात कोणाला क्षय झाला, सध्या कोण खोकते आहे, हे डॉक्टरांना आधी सांगावे. घरात मुलगी लग्नाची असली म्हणजे नेमके हेच दडवले जाते. पाच वर्षांखालच्या मुलात हा रोग मेंदूपर्यंतही पोचतो. ताप असताना मूल सुस्त पडू लागले, उलट्या, झटके किंवा मान ताठ झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. जन्मतः दिलेली बीसीजीची लस अशा गंभीर क्षयापासून बरेच रक्षण करते. पण लस टोचली म्हणून क्षय होणारच नाही, असे नाही.

दुसरा पुरावा वजनाचा. अंगणवाडीतले वजनाचे कार्ड सोबत न्या. तीन महिन्यांत 12 किलोचे मूल 600 ग्रॅमने उतरले, किंवा वजन जागचे हललेच नाही, तर शंका घ्यावी. वासरू खुरटले तर आपण जंत पाहतो, चारा पाहतो. पोरावरून मात्र मीठमिरच्या उतरवतो! दोन आठवडे न हटणारा ताप वा खोकला, मानेत न दुखणारी गाठ, खेळ सोडून बसून राहणे, हीही लक्षणेच.

सेवाग्रामला जा की वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात, छातीचा एक्स-रे काढतील. हातावर कातडीत टोचून 48 ते 72 तासांनी फुगवटा मोजतात; त्या दिवशी बाजार असला तरी परत जावेच, नाहीतर टोचणे वाया. फुगवटा आला म्हणजे जंतू शरीरात शिरला एवढेच कळते, रोग झालाच असे नव्हे. कफ मिळेना तर पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातला, रात्री गिळलेला कफ काढतात. आईचा जीव कासावीस होतो, पण तेवढ्यासाठी मूल उचलून घरी आणू नये. तो नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासतात. जंतू सापडला नाही तरी क्षय नाहीच, असे ठरत नाही. माती परीक्षणाला एकाच कोपऱ्यातली माती दिली तर साऱ्या शेताचे कळते काय? म्हणूनच डॉक्टर सगळे पुरावे जुळवून निदान करतात.

निदान झाल्यावर आजोबांचीही तपासणी व्हावी. घरातल्या बाकी पोरांना रोग नसला तरी प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्या मागून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, साधारण सहा महिन्यांचे. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी दरमहा 1,000 रुपये बँक खात्यात जमा करण्याची सोय आहे. त्यासाठी खात्याचे पासबुक आणि आधार कार्ड पहिल्याच फेरीत सोबत ठेवावे.