नाव आपले, मालकी कोणाची?

महाराष्ट्रात क्वचितच असे एखादे गाव असेल, जिथल्या एखाद्या खाद्यगृहाच्या चवीसाठी लोक वाट वाकडी करून जात नाहीत. कुठे मिसळ, कुठे वडापाव, कुठे थालीपीठ. त्या चवीमागे एखाद्या कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांचे कष्ट असतात आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा शब्द असतो. अशा खाद्यगृहांच्या दाराशी आता एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. ‘तुमच्या नावाच्या शाखा राज्यभर उभ्या करून देतो’, असे सांगणारी सल्लागार कंपनी हा तो पाहुणा. त्याचे स्वागत करण्यापूर्वी त्याचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्रँचायझी म्हणजे आपले नाव आणि आपली कार्यपद्धती दुसऱ्यास कराराने वापरू देणे. शाखा घेणारा आरंभी ठरावीक शुल्क भरतो, जागा आणि सजावटीचा खर्च सोसतो आणि पुढे विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वशुल्क देतो. हे शुल्क बहुधा नफ्यावर नव्हे, तर एकूण विक्रीवर आकारले जाते. म्हणजे शाखा तोट्यात असली तरी देणे चुकत नाही. सल्लागार कंपनी पाककृतींचे प्रमाणीकरण करते, कार्यपद्धतीची पुस्तिका लिहून देते, करार तयार करते आणि गुंतवणूकदार शोधून आणते. हे काम उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु अनेकदा तिची मिळकत करार होताच पदरात पडते. शाखा तीन वर्षांनी टिकली की बुडाली, याच्याशी त्या मिळकतीचा संबंध उरत नाही. दोष नेमका इथे आहे.

या व्यवसायाचा सर्वांत गाजलेला इतिहास अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या बंधूंनी १९४८ मध्ये मोजके पदार्थ आणि झटपट सेवा ही पद्धत बसवली. दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक १९५४ मध्ये तिथे पोहोचला आणि शाखाविस्ताराचे हक्क मिळवून बसला. शाखाचालकाने विक्रीच्या १.९ टक्के द्यायचे, त्यांपैकी १.४ टक्के क्रॉकच्या कंपनीचे आणि अवघे अर्धा टक्का मूळ बंधूंचे, अशी वाटणी होती. १९६१ मध्ये क्रॉकने २७ लाख डॉलर्स मोजून त्यांचे सर्व हक्क विकत घेतले. बंधूंकडे मूळ दुकान राहिले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावण्याचा अधिकार राहिला नाही! नाव बदललेल्या त्या दुकानाजवळच क्रॉकने मॅकडोनाल्ड्सची शाखा थाटली आणि काही वर्षांत मूळ दुकान बंद पडले. वाढवायला आलेला मालक झाला, आणि मालक आपल्याच नावाला पारखा झाला.

म्हणून विस्ताराला पाठ फिरवावी का? मुळीच नाही. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्सने मुंबईत पाऊल ठेवले, तेव्हा वडापाव संपणार, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली होती. तो संपला नाही. उलट २००१ मध्ये मालाडला जम्बोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव सुरू झाले आणि त्याच पदार्थाच्या शाखा त्यांनी दूरवर नेल्या. बर्गरच्या नावाने बोटे मोडून वडापाव वाढत नसतो. तो वाढतो स्वच्छता, सातत्य आणि नियोजन यांमुळे. परक्यांकडून शिस्त जरूर शिकावी, आपली मालकी मात्र त्यांच्या हवाली करू नये. स्वदेशीचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

वाढीची आपली स्वतःचीही परंपरा आहे. दक्षिण कानडातून आलेला मुलगा नातलगाच्या उडुपी खाद्यगृहात टेबले पुसत कामाला लागे आणि पुढे स्वतःचे खाद्यगृह काढी. करार नव्हता, संस्कार होता. १९५९ मध्ये गिरगावात सात भगिनींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. आज हजारो भगिनी त्यात आहेत आणि प्रत्येक जण सहमालक आहे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात माणूस हा अर्थव्यवहाराचे साधन नसून त्याचे प्रयोजन आहे. त्या दर्शनाचा प्रत्यय इथे येतो.

या व्यवहारात तिसरा एक पक्ष आहे आणि तोच सर्वांत दुबळा आहे. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम किंवा घरातले दागिने मोडून शाखा घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शाखा विकणाऱ्याने आपली आर्थिक स्थिती, न्यायालयीन वाद आदी माहिती आधी लेखी देणे बंधनकारक आहे. चीनने २००७ मध्ये नियम केला की, स्वतःच्या किमान दोन शाखा वर्षभर चालवून दाखवल्याशिवाय फ्रँचायझी देता येणार नाही. भारतात मात्र यासाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच भागवले जाते. माहिती उघड करण्याचे बंधन घालणारा छोटासा कायदा सरकारने करावा, अशी मागणी उद्योजक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर खाद्यगृहचालकाने स्वतः सावध राहावे. कोणाशीही बोलणी करण्यापूर्वी नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करावी आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण चुकवू नये. मसाला आपल्याच हाती ठेवावा. दुसरी शाखा स्वतः चालवून पाहावी, मग तिसरी दुसऱ्याला द्यावी. आणि सल्लागाराला एकच प्रश्न विचारावा : शाखा बंद पडली, तर तुमचे काय जाईल? ‘काहीच नाही’ हे उत्तर असेल, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा. मुदपाकखान्यात पिढ्यान् पिढ्या तापलेले नाव हे भांडवल आहे. ते गुंतवावे, वाढवावे, पण गहाण टाकू नये.