करंगळी बधिर होते तेव्हा

मागील महिन्यात एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. वय बासष्ट. निवृत्तीनंतर त्यांनी सायकल घेतली, रक्तदाब आटोक्यात आला, आणि येत्या आषाढात पुण्याहून पंढरपूरला सायकलने जाण्याचा त्यांचा संकल्प आहे. सरावासाठी ते दर शनिवारी दिवे घाटातून सासवडला जाऊन येतात. मात्र तासाभरातच दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर होतात, आणि एका शनिवारी तर घरी आल्यावर सदऱ्याची गुंडी त्यांना लावता येईना. घरच्यांचे म्हणणे, ‘आता पुरे झाली सायकल!’ पत्राच्या अखेरीस त्यांनी विचारले आहे, की हा वयाचा दोष समजावा काय?

माझे उत्तर असे, की वयाला दोष देण्यापूर्वी सायकलचे हँडल पाहावे.

तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला, दोन छोट्या हाडांच्या मधून एक अरुंद वाट जाते. फेलिक्स गियाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कोपरावर आपटले असता झिणझिण्या आणणारी अल्नर चेता याच वाटेने हातात शिरते. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग हे तिचे क्षेत्र. शरीराचा भार तळहाताच्या या भागावर तासन्‌तास पडत राहिला, त्यात मनगट मागे वाकलेले असले आणि रस्त्याचे हादरे बसत असले, की ही चेता दबते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दबणारी चेता दुसरी, मनगटाच्या मध्यातून जाणारी. कोणते बोट तक्रार करते, हे म्हणूनच नीट पाहून ठेवावे.

आता एक लहानसा प्रयोग करा. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल सैल धरा, कोपरे किंचित वाकवून हात पुढे करा, क्षणभर डोळे मिटा आणि उघडा. पेन्सिली एका सरळ रेषेत दिसणार नाहीत. त्यांची बाहेरची टोके आपल्याकडे, मागे आणि थोडी खाली झुकलेली असतील. मनगटाची ही नैसर्गिक ठेवण होय. आजच्या बहुतेक शहरी सायकलींना मात्र जवळजवळ सरळ दांडीचे हँडल असते. ते डोंगरी सायकलीवरून आले. खडकाळ उतारावर पकड घट्ट राहावी, हा त्याचा मूळ हेतू. कचेरीला जाणाऱ्या किंवा दिवसभर एकाच लयीत पायडल मारणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग थोडा आणि जाच अधिक.

आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. तिचे हँडल दोन्ही बाजूंनी मागे वळलेले असे, आणि मुठी जणू हस्तांदोलनास पुढे आलेल्या. इंग्लंडमध्ये या आकाराला ‘नॉर्थ रोड’ म्हणतात. आपण तिला जुनाट म्हणून मोडीत काढली. पण गवळी आणि पोस्टमन तिच्यावर आयुष्य काढत, ते काही केवळ सोशिकपणामुळे नव्हे. या हँडलावर पाठ ताठ राहते, भार हातांवरून आसनावर जातो. अर्थात याची किंमतही आहे: समोरचा वारा छातीवर येतो, चढावर जोर कमी लागतो आणि सीट थोडी रुंद घ्यावी लागते.

लांब पल्ल्याचे सायकलस्वार मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल पसंत करतात. ते केवळ शर्यतीचे, हा समज चुकीचा आहे. त्याचा खरा लाभ असा की, हात ठेवण्यास तीन-चार जागा मिळतात. युरोपातील प्रवासी सायकलींवर फुलपाखराच्या आकाराचे हँडल दिसते, त्यामागेही हाच विचार. हँडल कोणतेही असो, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलणे मला त्याच्या आकाराइतकेच महत्त्वाचे वाटते.

खर्चाचा विचार करता, सरळ दांडीऐवजी मागे वळलेले हँडल बसवणे सोपे, कारण मुठीच्या जागी दोन्हींची जाडी बहुधा सारखीच, २२.२ मिलिमीटर असते. जुनेच ब्रेक आणि गिअरचे खटके त्यावर चढतात. शिंगांच्या हँडलाला वेगळे खटके लागतात आणि खर्च बराच वाढतो. खरेदीपूर्वी मधल्या पकडीचा व्यास मात्र मोजून घ्यावा. तो काही सायकलींत २५.४, तर काहींत ३१.८ मिलिमीटर असतो. नवे हँडल बसल्यावर ते दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे: ब्रेकची तार ताणली जाऊ नये, गुडघ्याला मूठ लागू नये. जुन्या पद्धतीचा, आत सरकणारा दांडा वर उचलताना त्यावर कोरलेली मर्यादेची खूण बाहेर दिसू देऊ नये; तो मोडला तर दात आणि जबडा दोन्ही जातात.

गुरुजींना मी लगेच नवे हँडल घ्या असे सुचवले नाही. त्यांच्या सीटचे टोक खाली झुकले होते, त्यामुळे ते पुढे घसरत आणि हातांनी स्वतःला मागे रेटत. ते सपाट केले. हँडलाच्या दांड्याखाली कड्या सरकवून ते दोन सेंटिमीटर वर घेतले. ब्रेकचे खटके असे फिरवले की बोटे, मनगट आणि कोपर एका रेषेत यावेत. दांडी त्यांच्या खांद्यांहून बरीच रुंद होती. ती कापण्याआधी मुठी आणि खटके आत सरकवून आठवडाभर चालवून पाहा, असे सांगितले, कारण कापलेली दांडी पुन्हा जोडता येत नाही. घरात एकच सायकल अनेकजण वापरत असतील, तर खटक्यावरील लहानसा स्क्रू जरूर शोधावा. तो फिरवला की खटका दांडीच्या जवळ येतो आणि लहान हाताच्या व्यक्तीलाही ब्रेक पुरा दाबता येतो.

त्यांना मधुमेहाची तपासणीही करून घ्यायला लावली, कारण बोटांची बधिरता तेथूनही येऊ शकते. बधिरता सायकल न चालवताही टिकून राहिली, बोटे फाकवताना जोर कमी पडला, किंवा अंगठा व तर्जनी यांमधला मांसल भाग खोलगट दिसू लागला, तर हँडल बदलत न बसता सायकल थांबवून डॉक्टरांकडे जावे. चेता दीर्घकाळ दबली तर तिची हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

परवा त्यांचे दुसरे पत्र आले. रक्तशर्करा ठीक आहे, सासवडहून परतल्यावर गुंडी लागते. पण घाट उतरताना ब्रेक दाबून उजवी करंगळी अजून थोडी मुंग्यावते. आता मागे वळलेले हँडल मागवले आहे. सीट कोणती घ्यावी, असेही त्यांनी विचारले आहे; त्याविषयी पुढील अंकात.