आपल्या बैठकीतला मनू

दोस्तांनो, ह्या अंकात माझी कविता नाही. लिहायला बसलो होतो, जमली नाही. एक गोष्ट घशात अडकलीय, ती आधी बाहेर काढतो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. दहावीला शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण पाळी सुटल्यावर, उसन्या पुस्तकांवर झालं. रविवारी नाशकात आपली बैठक भरते तिथं मी माणूस झालो, हे मी कधी नाकारणार नाही. दहा-बारा पोरं आणि एक ताई. ताई अंकाच्या स्टेन्सिली कापायची, मजकूर तपासायची, माझे ऱ्हस्व-दीर्घ नीट करायची. संपादक मंडळात सहा नावं छापली, सहाच्या सहा बाप्यांची. तिचं नाव शेवटच्या पानावर, तळाला. चहाही तीच करायची. आपण समतेवर बोलत असायचो आणि कप उचलायला कोणी उठायचं नाही. मीही नाही.

एका रविवारी आपल्यातल्या एकानं कविता वाचली. व्यवस्थेवर म्हणे. ओळीओळीला बाईच्या देहाचे लचके. ताई म्हणाली, "दादा, ह्यात व्यवस्था कुठाय? मला तर फक्त मीच दिसतेय." बास, एवढंच. त्यावर काय काय ऐकवलं तिला! "तुझ्या डोक्यात अजून बामणी सोवळं आहे." "मुक्त विचारांची समजत होतो तुला." आणि हे ज्यानं म्हणलं, तोच तिला रात्री अकराला फोन करून मुक्तीच्या गप्पा मारायचा. 'नको' म्हणलं की ती मागासलेली. 'हो' म्हणली असती तर वाया गेलेली. पुढच्या रविवारी ताई आली नाही. अजून आलेली नाही. त्या दिवशी मी खाली मान घालून बसलो होतो. पुढच्या अंकात माझी कविता यायची होती ना.

तुमची उत्तरं मला ठाऊक आहेत. एकेक घेतो.

पहिलं : "शिवी ही आपली भाषा आहे." आहे ना. वस्तीतली भाषा साहित्यात आली म्हणून तर माझ्यासारखा लिहायला धजला. पण शिवी कोणाच्या अंगावरनं जाते ते बघा. द्यायची सावकाराला, जॉबरला, पुजाऱ्याला. आणि नागवी होते कोण? त्याची आई, त्याची बहीण. राग वरच्यावर, तुडवायची बाई. ह्यात बंड कसलं? हे तर गावचा पाटीलही करत होता.

दुसरं : "आधी जात संपू दे, बाईचं मग बघू. आत्ता बोललं की चळवळ फुटते." हे वाक्य कुठं ऐकलंय, आठवतंय? आधी स्वराज्य, मग अस्पृश्यता, हे आपल्या बापजाद्यांना ऐकवलं गेलं. आधी क्रांती, मग जात, हे लाल बावट्याखाली ऐकवलं गेलं. बाबासाहेबांनी ते मानलं नाही. मग तेच वाक्य आपण आपल्या बायांच्या तोंडावर का फेकतो?

आणि चळवळ काय एकट्या बाप्यांनी केली? 2 मार्च 1930 ला ह्याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला, त्यात आपल्या बाया होत्या. जुलै 1942 ला नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथं सांगितलं, समाज किती पुढं गेला ते मी बाया किती पुढं गेल्या त्यावरून मोजतो. पोरींना सांगितलं, नवऱ्याच्या बरोबरीनं उभ्या राहा, त्याची दासी होऊ नका. 1951 ला त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यात हिंदू कोड बिल अडवलं गेलं हे मोठं कारण होतं. हे सगळं आपण 14 एप्रिलला माईकवर घोकतो. त्याच मापानं आपली बैठक मोजा. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, पण मनू आपल्यात चहाचा कप धरून बसलाय.

हा बायांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांना म्हाताऱ्या बायांच्या दारी जाऊन गोळा करावा लागला. 'आम्हीही इतिहास घडवला', 1989. नावातला तो 'ही' वाचा. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षं घरात लपवून ठेवलं. 1986 ला त्याचं पुस्तक झालं. मल्लिका अमर शेख ह्यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' 1984 ला आलं, पँथरच्या एका संस्थापकाच्या घरातलं बाईचं जगणं सांगणारं. त्या कवीच्या कवितेनं मला उभं केलं, हे खरं. त्या घरात बाईनं सोसलं, हेही खरं. दोन्ही खरं धरायची ताकद नसेल तर आपण वाचक कसले?

तिसरं उत्तर : "तू अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दाबतोस." हे एकट्या आपल्यातच चालतं असं नाही. गिरणीतला माझा जोडीदार काँप्युटर शिकतोय, त्याच्याकडनं कळलं. 1946 ला अमेरिकेत एनिॲक नावाचं मोठं यंत्र जगाला दाखवलं, त्याला गणितं करायला लावलं सहा बायांनी. नाव बाप्यांचं झालं, त्या सहाजणी कित्येक दशकं कोणाला ठाऊक नव्हत्या. पुढं 1983 पासून तिकडं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. प्रोग्राम कोणीही उघडावा, बदलावा, वाटावा. मला हे पटतं, ज्ञानाला कुलूप नको म्हणणारी आपलीच जात. पण तिथंही बाया थोड्या, आणि एखादी म्हणाली की हा विनोद मला झोंबतो, तर तिलाच सांगतात, स्वातंत्र्याच्या आड येऊ नकोस. समुद्रापलीकडं असो की गोदाकाठी, ज्याच्या हातात माईक आहे तो स्वतःच्या मोकाट सुटण्याला मुक्ती म्हणतो.

मला अडाण्याला मुक्तीचा एकच अर्थ कळतो. 'नाही' म्हणता येणं. आपल्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढायला नाही म्हणलं, तिथनं आपण सुरू झालो. तेव्हाही गाव म्हणालं होतं, हे माजलेत. ताईचं 'नाही' त्याच वाणाचं आहे. ते ऐकून तुम्हाला राग आला असेल, तर त्या दिवशी तुम्ही गावाच्या बाजूला उभे होता. मीही होतो.

तर मागणी सांगतो. संपादक मंडळात ताईचं नाव, तिची मर्जी असेल तर. चहा पाळीपाळीनं, गिरणीसारखा. ज्यानं फोन केले त्यानं भर बैठकीत उभं राहून माफी मागायची. हे होईपर्यंत माझी एकही कविता ह्या अंकाला मिळणार नाही.

मागच्या आठवड्यात ताईच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली. ती म्हणाली, "इथं येऊन काय बोलतोस? जिथं गप्प बसलास तिथं बोल." म्हणून इथं बोललो.

ह्या पानाची स्टेन्सिल मी कापलीय. चुका दिसतील.

जयभीम.